विजेचा युक्ताहार



आपल्या संप्रदायात एकादशीचा उपवास आहे आणि द्वादशीचे पारणेही आहे. दोन्ही मिळून व्रत पूर्ण होते. नुसताच उपवास करीत राहणारा माणूस पंढरपूरपर्यंत चालू शकत नाही आणि रोज भरपेट पारणे करणाराही चालू शकत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला हेच सांगितले आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचे खाणे, फिरणे, काम करणे, झोपणे मापात आहे त्याचे दुःख योग दूर करतो. ज्ञानोबारायांचे यावरचे निरूपण आपण पारायणात अनेकदा वाचले असेल. हाच युक्ताहाराचा विचार आज मला आपल्यासमोर विजेच्या संदर्भात मांडायचा आहे. देवाधर्माच्या मासिकात हा विषय कशाला, असे आपल्या मनात येईल. पुढचे वाचून झाल्यावर आपणच ठरवावे.

झाले असे की आमच्या नालवाडीच्या भजनी मंडळात एक प्रश्न निघाला. नालवाडी हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या सभामंडपावर सिमेंटचा स्लॅब आहे. तो दिवसभर तापतो आणि रात्री नऊ वाजेपर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. संध्याकाळच्या हरिपाठाला येणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे, माझी आई त्यांच्यातलीच. मागच्या उन्हाळ्यात दोन-तीन वयस्कर माउलींना हरिपाठ चालू असतानाच भोवळ आली. काहींनी येणेच थांबवले. ज्यांचा नेम तीस-तीस वर्षे चुकला नव्हता, त्यांचा नेम उन्हाने मोडला. तरुण मंडळींनी सुचवले की वर्गणी काढून सभामंडपाला दोन एसी बसवावेत. जुने टाळकरी म्हणाले, संतांनी झाडाखाली, वाळवंटात कीर्तने केली, आपल्याला गार हवा कशाला हवी? वाद वाढू लागला.

मला दोन्हीकडच्या बोलण्यात तथ्य दिसले. आधी तरुणांची बाजू घेतो. माणसाचे शरीर घामावाटे थंड होते. वय वाढले की ही सोय कमी पडू लागते, तहान कळत नाही, हृदयावर ताण येतो. उष्माघाताने माणूस दगावतो. तेव्हा वृद्धाला वारा आणि गारवा मिळणे ही चैन नव्हे. शेतकऱ्याचेही तसेच आहे. आमच्या जिल्ह्यात रब्बीच्या हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायला रात्रीच्या पाळीची वीज येते, तेव्हा माणूस थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या आणि रानडुकरांच्या वाटेने शेतात जातो. बोर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत तर वाघाचेही भय आहे. त्याला दिवसा वीज हवी आहे. शिकणाऱ्या मुलीला दिवा हवा, दवाखान्यात लस थंड ठेवणारी पेटी हवी, धुरात डोळे चोळीत स्वयंपाक करणाऱ्या बाईला दुसरी सोय हवी. यांना कुणी 'वीज कमी वापरा' असा उपदेश करू लागला, तर तो उपाशी माणसाला एकादशी सांगण्यासारखा प्रकार होईल. देशाची विजेची मागणी वाढते आहे ती मोठ्या प्रमाणात अशा खऱ्या गरजांमुळे.

आता दुसरी बाजू. ही वीज येते कुठून?

आपली वर्धा नदी आपण जाणतोच. तिच्या काठी रुक्मिणीमातेचे माहेर कौंडिण्यपूर आहे आणि तिथली पालखी आषाढीला पंढरीस जाते. हीच नदी पुढे चंद्रपूरकडे वाहत जाते. तिच्या त्या खोऱ्यात जमिनीखाली कोळशाचे थर आहेत. पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या झाडाझुडपांचा तो कोळसा. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकातच वरोऱ्याला खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून तिकडे रेल्वे गेली. आज चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. नागपूरजवळ कोराडी, खापरखेडा आणि मौदा इथेही कोळशावरची मोठी केंद्रे आहेत. चंद्रपूरहून मुंबईकडच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची खास वाहिनी गेली आहे. आपली दिंडी विदर्भातून पश्चिमेकडे चालत जाते, तशीच ही वीजही विदर्भातून पश्चिमेकडे जाते. राख आणि धूळ मात्र चंद्रपूरच्या माणसाच्या अंगणात राहते. मुंबईतल्या एखाद्या खोलीत गारवा होतो, त्याचे थोडे मोल चंद्रपूरच्या लेकराची छाती देत असते, हे आपण विसरू नये.

एक युनिट वीज तयार करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो आणि त्यातून जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा काम करतो. सूर्याची ऊब आत येते, पण परत जायला तिला अडथळा होतो. यंत्रयुगाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. २०१५ साली पॅरिसमध्ये जगातल्या देशांनी ठरवले की पृथ्वीची सरासरी तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचा. २०२४ हे वर्ष त्या दीड अंशाच्याही वर गेलेले पहिले वर्ष ठरले. एका वर्षाने करार मोडला असे होत नाही, पण आपण कुठे येऊन पोचलो हे त्यावरून कळते.

गीतेचा तिसरा अध्याय इथे आठवावा. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, असे एक चक्र भगवंतांनी सांगितले आणि जो हे चक्र पुढे चालवीत नाही त्याचे जगणे व्यर्थ म्हटले. झाड हवेतला वायू घेते, त्याचे लाकूड होते, ते जळते किंवा कुजते, वायू परत हवेत जातो, पुन्हा झाड तो घेते. हे चक्र फिरत राहिले तर हवा बिघडत नाही. कोळसा हा या चक्रातून कोट्यवधी वर्षांपूर्वी बाहेर पडून जमिनीत विसावलेला साठा. तो आपण दोनशे वर्षांत उकरून जाळू लागलो. घेतो ते परत ठेवण्याची सोय त्यात नाही. माझ्या अल्पमतीला यज्ञचक्र मोडणे याचा आजचा अर्थ असा दिसतो.

आणि यातच एक विचित्र फेरा तयार झाला आहे. उन्हाळा वाढला म्हणून एसी वाढले. एसी वाढले म्हणून वीज जास्त लागली. वीज जास्त लागली म्हणून कोळसा जास्त जळला आणि त्याने उन्हाळा आणखी वाढला. ३० मे २०२४ या दिवशी, कडक उष्म्यात, देशाची विजेची मागणी तोवरच्या उच्चांकाला, म्हणजे सुमारे अडीच लाख मेगावॉटला पोचली. एसी खोलीतली उष्णता नाहीशी करीत नाही, तो ती बाहेर टाकतो. म्हणजे आत बसणाऱ्याला गारवा आणि भिंतीपलीकडच्याला झळ. आमच्या सभामंडपाच्या मागेच पत्र्याची चार घरे आहेत. एसीच्या बाहेरच्या पंख्याचे तोंड नेमके त्यांच्याकडे येणार होते. देवाच्या दारात असे करावे का, हा माझ्यापुढचा खरा पेच होता. आईला जपायचे तर शेजारच्या आईला तापवायचे?

माउली, या पेचातून वाट शोधताना मला आमच्याच मातीतली दोन माणसे उपयोगी पडली.

पहिले विनोबा. गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद त्यांनी वर्ध्यात १९३०-३१ मध्ये केला, तीच गीताई. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस विनोबा आमच्या नालवाडीत राहायला आले, दलितांच्या वस्तीजवळ. १९३४ मध्ये इथे ग्रामसेवा मंडळ सुरू झाले. इथेच त्यांनी एक कठोर प्रयोग केला. टकळीवर सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच निर्वाह करायचा. तासन् तास कातायचे आणि हिशेब लिहायचा. पुढे प्रकृती फार क्षीण झाल्यावर १९३८ मध्ये ते पवनारला धाम नदीच्या काठी गेले. सगळ्यांनी तसे जगावे असे मी म्हणत नाही. पण त्या प्रयोगात मापण्याची एक रीत आहे. आपण जे वापरतो ते मिळवायला किती श्रम पडतात, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी मोजले. ती रीत विजेला लावून पाहा. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर त्याच्या अंगमेहनतीची ऊर्जा अर्ध्या युनिटाच्या आसपास भरते. दीड टनाचा एसी जोरात चालू असताना तासाला सुमारे दीड युनिट घेतो. म्हणजे एका तासाच्या गारव्यासाठी तीन माणसांची दिवसभराची मेहनत. बटण दाबताना ती तीन माणसे दिसत नाहीत, म्हणून हात आखडत नाही.

दुसरे जे. सी. कुमारप्पा. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी पाहिले. तिथेच मगन संग्रहालय आहे, त्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर चालणारा मगनदीप मगनवाडीतलाच. कुमारप्पांनी तुरुंगात असताना टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले, ते १९४५ मध्ये आले. हवामानबदल हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. तरी त्यांनी एक भेद स्वच्छ सांगितला. कोळसा, खनिज तेल हे साठ्याचे धन, काढाल तसे कमी होणारे, आणि त्यासाठी माणसे भांडणार. ऊन, वारा, वाहते पाणी, बैलाचे बळ हे प्रवाहाचे धन, रोज नवे येणारे. माणसाने आपला संसार होईल तितका प्रवाहावर चालवावा, असा त्यांचा आग्रह होता. विहिरीतले झऱ्याचे पाणी आणि टाकीतले साठवलेले पाणी यांतला फरक आपल्याला सांगावा लागत नाही.

विदर्भाला उन्हाचा प्रवाह भरपूर मिळाला आहे. छपरावरचे एक किलोवॉटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देते. राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तिचा हेतूच शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा. सौर पंपही शेतांत दिसू लागले आहेत. घरगुती ग्राहकांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे, तीत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. म्हणजे जास्त वीज आणि कमी धूर या दोन गोष्टी एकत्र येऊ शकतात. रात्री शेतात जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला सूर्याने दिवसा पाणी द्यायची सोय करून दिली, तर त्यात गरजही भागते आणि चक्रही मोडत नाही.

पण इथेच थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. देशातल्या वीजकेंद्रांची निम्मी क्षमता आता कोळसा-तेल-वायूशिवायची झाली आहे, हे खरे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे, आणि रात्री तर फारच. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला मोठ्या बॅटऱ्या लागतात, किंवा दिवसा पाणी वरच्या धरणात चढवून रात्री सोडावे लागते. दोन्ही खर्चाची कामे आहेत. पॅनेलांना जमीन लागते, ती कुणाची तरी असते. म्हणून नुसता नवा उगम शोधून भागत नाही, मागणीलाही माप लावावे लागते.

माप कुणी लावायचे, हाही प्रश्न आहे. जगाच्या सरासरीच्या मानाने भारतीय माणूस कमी धूर सोडतो. श्रीमंत देशांनी आधी आवरावे हे म्हणणे न्याय्य आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत सांगितला, तोही आपल्या विकासाला अवसर ठेवून. मात्र ही सरासरी गरिबाच्या काटकसरीने खाली आलेली आहे. पत्र्याच्या घरातल्या माणसाच्या वाट्याचे पुण्य दाखवून चार एसींच्या बंगल्याने मोकळे सुटू नये. पंगतीत सर्वांना वाढून झाल्याशिवाय दुसऱ्यांदा मागू नये, ही आपली रीत आहे. ती विजेलाही लागू आहे.

आता आमच्या सभामंडपाचे काय झाले ते सांगतो. आम्ही आधी स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा थर दिला आणि वर हिरवी जाळी बांधली. दुपारचा हात टेकवला तरी फरक कळतो. ७५ वॉटचे आठ जुने पंखे काढून ३० वॉटचे लावले. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे इथे कूलर चांगले काम करतो, तेव्हा वाळ्याच्या ताट्या लावलेले दोन मोठे कूलर बसवले आणि समोरच्या खिडक्या उघडल्या. हरिपाठाची वेळ वैशाख-ज्येष्ठात पाऊण तास पुढे ढकलली. हिशेब असा : जुने पंखे आणि दोन एसी मिळून तीन तासांना सुमारे अकरा युनिटे लागली असती, म्हणजे सात किलोच्या वर कोळसा. नवे पंखे आणि कूलर मिळून दोन युनिटेही लागत नाहीत.

शेजारच्या लहान खोलीत मात्र एक छोटा एसी बसवला. त्याच्या बाहेरच्या पंख्याचे तोंड रिकाम्या जागेकडे केले. तो २६ अंशांवर ठेवायचा आणि फक्त अंगावर येणाऱ्या उन्हाच्या दिवसांत, वृद्धांसाठी आणि आजाऱ्यांसाठी लावायचा, असे ठरले. त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायाही तिथे येऊन बसतात. जुन्या टाळकऱ्यांपैकी काहींना हे अजून पटलेले नाही आणि तरुणांपैकी काहींना हे फार थोडे वाटते. माझ्या आईला ती खोली आवडत नाही. दार लावले की टाळांचा आवाज कमी येतो, अशी तिची तक्रार आहे. पण पारा ४५ वर गेला की ती तिथे बसते, आणि तिचा नेम चुकत नाही. छपरावर सौर पॅनेल बसवण्यासाठी वर्गणी चालू आहे.

माउली, हे सारे आपण वारीत वर्षानुवर्षे करीतच आलो आहोत. पायी निघताना आपण पडशी हातात धरून तोलतो. जे लागेल ते घेतो, कारण विसरलेल्या वस्तूवाचून मुक्कामी हाल होतात. जे लागणार नाही ते घरी ठेवतो, कारण ते आपल्याच खांद्यावर वाहायचे असते. पहिल्या वारीला माणूस फार भरतो, तिसऱ्या वारीपर्यंत त्याला माप कळते. विजेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर असते, चंद्रपूरच्या आणि उद्याच्या नातवंडांच्या. म्हणून ते कळायला उशीर होतो.

या आषाढीला आपल्या दिंडीपुरते तीन नेम घेता येतील. मुक्कामी जनरेटर लागतोच, पण भजन संपल्यावर हॅलोजन बंद करून एलईडीच्या दोन दिव्यांवर रात्र काढावी. चार्जिंगच्या बोर्डावर मोबाइलची गर्दी होते, तिथे आजाऱ्यांच्या आणि विणेकऱ्यांच्या सोयीला अग्रक्रम द्यावा. दिवसा ट्रकच्या टपावर एखादे सौर पॅनेल लावले तर चालता चालताच पुष्कळसे चार्जिंग होते. आणि घरी परतल्यावर महिन्याचे वीजबिल एकदा नीट वाचावे. रक्कम आपण पाहतोच, या वेळी युनिटे पाहावीत आणि त्यातली पारण्याची किती, पंगत मोडून घेतलेली किती, ते ठरवावे.

आपल्या गावच्या देवळात, भजनी मंडळात उन्हाळ्याची काय सोय केली, ते जरूर लिहून कळवावे. आमच्याहून चांगली युक्ती असेल तर आम्ही ती घेऊ.

रामकृष्णहरी.